हँडल आणि दोरी

डिझेल इंजिनाच्या हँडलनं लखूचा हात मोडला, तेव्हा आवाज इंजिनाचा झाला की हाडाचा, हे घाटावरच्या कुणालाच कळलं नाही.

मागशीर संपत आला होता. सुप्याच्या धरणाचं पाणी उतरणीला लागलं होतं आणि सकाळी त्यावर धुकं असं बसायचं, की होडीच्या मागच्या टोकाला बसलेल्याला पुढचं टोक दिसायचं नाही. असल्या थंडीत डिझेल इंजिन सहजी उठत नाही, म्हशीसारखं बसून राहतं. लखू त्याला रोज सकाळी राजी करायचा. एक फडकं डिझेलमध्ये बुडवून पेटवायचा, इंजिन जिथून हवा ओढतं तिथं धरायचा, ऊब द्यायचा. मग झडप उचलून हँडल घालायचं, कंबरेत वाकून गरगरा फिरवायचं आणि वेग आला की झडप सोडायची. त्या दिवशी झडप सोडली आणि इंजिनानं अर्धी उचकी देऊन उलटा झटका घेतला. हँडल निसटायला हवं होतं, ते निसटलं नाही. उलटं फिरून लखूच्या मनगटावर बसलं.

लखू ओरडलासुद्धा नाही. होडीच्या फळीवर मटकन बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे दुसऱ्याचा हात बघावा तसा बघत राहिला. जिथं सांधा नाही तिथं हात वाकला होता.

"होडी कोन न्हेनार आता?" हे त्याचं पहिलं बोलणं.

"होडी गेली खड्ड्यात," केशर म्हणाली आणि पदर फाडून हात बांधू लागली.

अंबाळी ही पाण्यापल्याडची वाडी. वाडीतून सडकेला यायचं तर लखूची होडी, नाहीतर रानातून गव्यांच्या वाटेनं अर्धा दिवस पायपीट. दुधाचे कॅन, जोयड्याच्या बाजाराला जाणारी कंदांची पोती, आजारी माणूस, माहेरवाशीण, सगळं त्या एका होडीवर. लखूचा बाप वल्ह्यानं न्यायचा, लखूनं पंपाचं जुनं डिझेल इंजिन बसवलं. केशर लग्न होऊन आली तेव्हापासून रोज त्या होडीत होती. पुढच्या टोकाला बसून पाण्याखालचे झाडांचे खुंट बघायची, आत आलेलं पाणी उपसायची, देवीला दिवा लावायची. कुठला खुंट कुठल्या महिन्यात डोकं वर काढतो हे लखूपेक्षा तिला जास्त माहीत. पण ज्याला हँडल फिरवता येत नाही त्याची होडी नाही. हा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. ऐन उमेदीत तिनं एकदा हँडल फिरवून बघितलं होतं. इंजिन हललं नाही, कंबर मात्र आठवडाभर धरली होती.

जोयड्याच्या दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. शिमग्यापर्यंत या हातानं काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि पुढच्या दोनचार दिवसांतच घाटावर कुजबूज सुरू झाली. सडकेकडच्या काठावर होडीवर डोळा ठेवून बसलेले कमी नव्हते. दूधवाला तुकाराम हा लखूचा लहानपणचा सोबती, पण दूध नासायला लागल्यावर सोबत किती टिकणार? तो मान खाली घालून म्हणाला, "लखूदा, राग धरू नगंस. आठवड्यात होडी सुरू न्हाई झाली तर दुसऱ्या कुनाला तरी लावाय लागंल."

 केशर रात्रभर जागी होती. हँडल फिरवता आलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मुलाला, नागेशला, निरोप गेला. तो गोव्यात समुद्रावर पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीवर कामाला. आगगाडीनं कॅसलरॉकला उतरला, तिथून जीपनं सडकेकडच्या घाटावर आला. सोबत रामनगरचा मेकॅनिक शिवानंद आणि जीपच्या मागे गोणपाटात गुंडाळलेलं एक इंजिन. नागेशच्या मालकानं जुनं झालं म्हणून दिलेलं, पेट्रोलचं. होडीच्या मागच्या फळीला टांगायचं, पंखा पाण्यात सोडायचा, बस.

लखूनं ते बघितलं आणि हसला. हात मोडल्यापासून पहिल्यांदा.

"हे इंजान? आरं, ह्याला आमची शेरडी उचलून न्हेईल."

"बा, हलकं हाय म्हनून तर आनलं," नागेश म्हणाला.

"इंजान हलकं असत्यात व्हय? वझं ओढायचं म्हंजे अंगात वझं पायजे. शिवा, तूच सांग. माजं डिझेल चांगलं का हे?"

शिवानंदचं घराणं खानापूरकडचं, बोलण्यात कन्नड मिसळलेलं, आणि आजवर लखूचं डिझेल त्यानंच सतरा वेळा उघडून मिटवलेलं. त्यानं दोन्हीकडे बघितलं, हात पुसले.

"मामा, खरं सांगू रीऽ? डिझेल म्हंजे म्हातारा सासरा. उठताना कुरकूर करनार, खोकनार, धूर सोडनार. पन एकदा उठला का दिवसभर राबनार, थोडं खानार आनि वझं ओढनार. पेट्रोल म्हंजे नवा जावाई. हाक मारली का हजर, पळनार झकास. पन खानार दुप्पट आनि जरा कुठं पानी लागलं का रुसून बसनार."

"आयकलंस? दुप्पट खानार!" लखू नागेशला म्हणाला.

"पन बा, पान्यात खुंट लागला तर तुजं डिझेल वर उचलता येतंय का? पंखा मोडून बसतोस दर उन्हाळ्यात. हे बग." नागेशनं इंजिन कलतं करून पंखा पाण्याबाहेर काढून दाखवला. एका हातानं.

लखूला ते आवडलं नाही. मग त्यानं त्याचा ठेवणीतला खेळ काढला. वाडीतल्या प्रत्येकानं तो शंभरदा बघितलेला. डिझेलचा डबा उघडायचा, ओठातली जळती बिडी त्यात बुडवायची. चर्र आवाज होऊन बिडी विझते आणि नवीन माणूस घाबरून उठतो. आज त्यानं डाव्या हातानं तेच केलं. बिडी विझली. "हे करून दाव तुज्या जावयाला," असं म्हणत त्यानं दुसरी बिडी पेटवली आणि सहज पेट्रोलच्या डब्याकडे वळला.

शिवानंदनं झेप टाकून त्याच्या हातातली बिडी हिसकावली आणि पाण्यात भिरकावली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अय्यो मामा! काय करता! डिझेलला पेटवाय लागतं, पेट्रोल पेटाय टपलेलं असतं! हे तेल नुसतं पेटत न्हाई, ह्याची वाफ पेटती. ती दिसत न्हाई, होडीच्या बुडात पान्यासारकी साचून ऱ्हाती. मावशी, तुमीच ध्यान धरा. होडीत इस्तू न्हाई, बिडी न्हाई. काय?"

"इस्तू न्हाई," केशर म्हणाली. ती इतका वेळ इंजिनाला लोंबणाऱ्या दोरीकडे बघत होती. "आनि ही कशाची दोरी?"

"हे ह्याचं हँडल," नागेश म्हणाला. "आये, ओढ दोरी."

"मी?"

"ओढ की."

केशरनं पदर खोचला, दोरीची मूठ धरली आणि ओढली. काही झालं नाही. तिनं लखूकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. तिनं पुन्हा ओढली, विहिरीतून भरली घागर ओढतात तशी. इंजिन फुर्रर्र करून लागलं.

केशरच्या हातातून मूठ सुटली. ती मागे सरली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी राहिली. एवढंच? हँडलसमोर इतकी वर्षं मान खाली घालून बसले ते एवढ्यासाठी? तिला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. नागेशनं तिला मागे बसवून सुकाणूचा दांडा हातात दिला. होडीनं असं टोक उचललं की केशर "आवो आवो आवो" करत ओरडली. तिला वाटलं, पाणी खालून सरकून जातंय. पण खुंट आला तेव्हा तिनं न सांगता दांडा वळवला आणि होडी त्याला वळसा घालून गेली.

संध्याकाळी नागेश आणि शिवानंद यांना तिनंच सडकेच्या काठाला सोडलं. नागेशला रातोरात गोवा गाठायचा होता. उतरताना तो म्हणाला, "बा, तू आता फुडं बस. खुंट बग."

पुढची जागा केशरची. लखू तिथं जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली खेप. केशरनं उठल्याउठल्या लखूच्या सदऱ्याच्या खिशातनं बिडीचं बंडल आणि काडेपेटी काढली आणि चुलीवरच्या फळीवर ठेवली.

"इस्तू न्हाई," ती म्हणाली.

"तोंडात तरी काय घालू मग?"

"सुपारी घाला."

चुलीतलं लाकूडही तिनं आज अंगणात नेऊन विझवलं, ठिणगी उडून अंगावर राहू नये म्हणून. आणि मग पूजेचं ताट घेतलं. पितळी दिवा, वात, हळदकुंकू आणि देवाची वेगळी काडेपेटी. हे ताट घेताना तिच्या मनात काहीच आलं नाही. येणार तरी कसं? चुलीत इस्तू असतो, बिडीला इस्तू लागतो, शेजारणीकडे इस्तू मागायला जातात. दिव्यात ज्योत असते. दिवा विझतसुद्धा नाही, शांत होतो. दिव्याला कुणी इस्तू म्हटलं असतं तर केशरनं त्याची जीभ हासडली असती.

धरण होण्याआधीचं अंबाळी पाण्याखाली आहे, आणि त्याच्या मधोमध सातेरीचं देऊळ. होडी त्या जागेवर आली की दिवसाच्या पहिल्या खेपेला दिवा लावायचा, हा रिवाज. आणि दिव्यात तेल घालायचं ते होडीचं. जो राबतो त्याच्या घासातला घास देवीला. वल्ह्याच्या काळात वल्हेकऱ्याच्या शिदोरीतलं तेल असायचं. इंजिन आलं तसं इंजिनाच्या डब्यातलं. डिझेलचा दिवा काजळी धरतो, तडतडतो, पण जळतो. केशर दिवा लावायची तेव्हा होडीतले सगळे हात जोडून डोळे मिटायचे आणि ती "झालं" म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. फक्त होडीवाल्याचे डोळे उघडे. देवी झाली तरी होडी काही तिच्यावर सोडून देता येत नाही.

घाटावर शेकोटी पेटली होती. तिच्याभोवती हात शेकत तुकाराम, आशा कार्यकर्ती सुप्रिया आणि बाजाराला निघालेल्या दोघी म्हाताऱ्या उभ्या होत्या. लखूही थोडा वेळ शेकोटीशी थांबला. मग सगळे होडीत चढले. कंदांची दोन पोती मध्ये ठेवली. केशर मागे जाऊन बसली आणि तिनं दोरी ओढली.

"आगं बया!" एक म्हातारी म्हणाली. "केसर, तू चालिवतीस?"

"मग काय," केशर म्हणाली. तिची मान ताठ होती. तुकारामनं दुधाचा कॅन घट्ट धरला आणि देवीचं नाव घेतलं.

देवळाच्या जागेवर आल्यावर केशरनं इंजिन बंद केलं. आणि सगळे चपापले. इतकी वर्षं इथं डिझेलची धडधड ऐकत देवीला हात जोडायचे. लखू ते कधी बंद करायचा नाही, पुन्हा कोण उठवणार? आज पहिल्यांदा तिथं काहीच ऐकू येत नव्हतं. होडीच्या अंगाला पाणी चाटत होतं, तेवढंच.

केशर पेट्रोलचा सुटा डबा आणि ताट घेऊन पुढच्या टोकाला आली. लखूच्या शेजारी दिवा ठेवला, डबा वाकडा केला. डिझेल जडशीळ, सावकाश उतरतं. हे पाण्यासारखं धावलं. दिव्यातनं ओसंडून फळीवर, फळीवरनं खाली बुडात. केशरनं "आगाई" म्हणून डबा सरळ केला आणि पायाशी ठेवला. टोपण लावलं नाही.

"हात जोडा," ती म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटले.

लखूला वास आला. वास डोक्यात जायला आणि डोक्यातनं तोंडात यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्याला मिळाला. "केशर..." तो म्हणाला, आणि काडी ओढली गेली.

भक्क.

दिवा पेटला नाही. दिव्याच्या आजूबाजूची हवा पेटली. केशरचा हात कोपरापर्यंत निळा दिसला, मग पिवळा. जाळ फळीवर, फळीखाली आणि तिथून डब्याच्या तोंडाला. डोळे उघडलेल्या म्हाताऱ्या ओरडल्या. लखूनं बसल्या जागेवरून डब्याला लाथ घातली. डबा उडून पाण्यात पडला, आणि पाणी पेटलं.

पाणी पेटलं! होडीच्या उजव्या अंगाला, सातेरीच्या देवळावर, पाण्यातनं माणसाएवढा जाळ उठला आणि लाटेबरोबर हलायला लागला. ज्या पाण्यानं आग विझवायची तेच जळतंय म्हटल्यावर माणसानं जायचं कुठं? सुप्रिया एका म्हातारीला कवटाळून बसली आणि तिला रडताही येईना. तुकारामनं उपसायचं भांडं घेतलं, पाणी भरलं आणि होडीतल्या जाळावर फेकलं. जाळ विझला नाही, त्या पाण्यावर चढून मागे पसरत आला.

"पानी नगं!" लखू ओरडला. "पोतं! पोतं रिकामं कर! भिजीव!"

तुकारामनं पोतं उलटं केलं. कंद होडीभर गडगडले. भिजवलेलं गोणपाट लखूनं डाव्या हातानं ओढून घेतलं आणि जाळावर टाकून त्यावर स्वतः पालथा पडला. सुप्रियानं दुसरं पोतं रिकामं करून मागची बाजू झाकली. तुकारामनं वल्हं घालून होडी जळत्या पाण्यापासून लांब ढकलली. गोणपाटाखालून धूर येत राहिला, मग तोही थांबला.

मागे पाणी एकटंच जळत होतं. थोड्या वेळानं तेही जळायचं थांबलं आणि पुन्हा नुसतं पाणी झालं.

केशरच्या भुवया जळल्या होत्या. हातावरची कातडी लाल होऊन सुटायला लागली होती, पण तिला अजून दुखत नव्हतं. "पानी पेटलं," ती म्हणत होती. "आवं, पानी पेटलं. पानी."

तुकाराम धापा टाकत उभा होता. त्यानं जळक्या फळीकडे बघितलं, उलट्या पडलेल्या दिव्याकडे बघितलं, मग केशरकडे.

"देवीच्या डोस्क्यावर," तो म्हणाला. "बरोबर देवीच्या डोस्क्यावर. इतकी वर्सं दिवा लावतोय, कवा असं झालं न्हाई. आनि आज बाईमानसानं इंजानाला हात लावला, तर सातेरीनं..."

"बिडी," लखू म्हणाला.

"काय?"

"माजी बिडी. शेकोटीवर पेटिवली हुती, मुठीत झाकून आनली. तुमी डोळं मिटल्यावर एक झुरका मारला. ठिनगी पडली."

लखूची बिडी सगळ्यांना पाठ होती. डब्यात बुडवायचा खेळ सगळ्यांनी बघितलेला. त्यामुळे हे कुणाला खोटं वाटलंच नाही. केशरलासुद्धा नाही. दिवा कशाला आग लावेल? दिवा तो दिवा.

ती उठली. "इस्तू न्हाई म्हनून सांगितलं हुतं!" ती किंचाळली. "शिवानंदानं सांगितलं, म्या सांगितलं! सगळी जळून मेली असती!" आणि तिनं त्याच जळक्या हातानं लखूच्या छातीत मारलं. एकदा, दोनदा. म्हाताऱ्यांनी तोंडावर पदर घेतला. बायकोनं नवऱ्याला चारचौघांत मारलेलं अंबाळीत कुणी बघितलं नव्हतं. लखू मार खात मान खाली घालून बसला. त्याचं प्लास्टर काळं पडलं होतं.

होडी वल्हवत घाटाला आणली. नागेशला फोन लागला तेव्हा त्याचं ओरडणं घाटावर सगळ्यांना ऐकू गेलं. "बा, तुज्या बिडीपायी आय मेली असती! तुला अक्कल हाय का न्हाई?" लखू फोन कानापासून लांब धरून "व्हय, व्हय" म्हणत राहिला.

दुपारी सुप्रियानं केशरच्या हाताला मलम लावलं, पट्टी बांधली. "काकू, थोडक्यात वाचलात," असं म्हणून ती गेली. केशर चुलीशी आली. चूल पेटवायला तिनं डाव्या हातानं फळीवर चाचपलं.

काडेपेटी तिथंच होती. बिडीचं बंडलही. आदल्या दिवशी आणलेलं नवं बंडल. त्याचा दोरा अजून सोडलेला नव्हता.

तिनं ते हातात घेतलं. उलटंसुलटं बघितलं. दोरा ओढून बघितला. मग ती बाहेर आली. लखू ओसरीवर बसला होता.

"बंडल हितं हाय," ती म्हणाली.

"आसंल."

"दोराबी सोडल्याला न्हाई."

"मागून घेतली बिडी."

"कुनाकडनं? शेकोटीवर तुकाराम हुता, तो बिडी वडत न्हाई. सुप्रिया हुती आनि दोन म्हाताऱ्या. कुनाकडनं?"

लखू प्लास्टरवरची काजळी नखानं खरवडायला लागला.

"आवं, मग पेटलं कशानं?"

लखूनं तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं. पुढं बोलावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "दिव्यात इस्तू असतोय, केशर."

केशर दारातच खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढं काडी आली, फळीवरनं धावणारं ते पाण्यासारखं तेल आलं, उघडा डबा आला. आग बघून जेवढी हादरली नव्हती तेवढी ती आता हादरली. होडीत सहा माणसं होती आणि काडी तिनं ओढली होती. आपल्या हातानं, देवीचं नाव घेऊन.

"म्या," ती म्हणाली. "म्या लावली."

"हळू बोल."

"आनि तुमाला मारलं."

"लई जोरात न्हाई मारलंस."

"मी जाते. तुकारामदाला सांगते. सगळ्यास्नी सांगते."

"काय सांगशील? तुज्या हातचा दिवा भडकला म्हनून? तुकाराम काय म्हनत हुता आयकलंस न्हवं? ते म्हंतील सातेरीनं केशरचा हात नाकारला. तुज्या हातात दोरी कोन ऱ्हाऊ दील मग? तिकडं टपून बसलीत मानसं." त्यानं रिकामा खिसा चाचपला. "मला काय, सुपारी खाईन."

केशर रडायला लागली. लखूनं तिला रडू दिलं. त्याला समजूत घालता येत नव्हती, कधीच आली नव्हती.

होडीच्या तोंडाला पत्रा ठोकला. केशरच्या हाताची पट्टी सुटेपर्यंत दूध डोक्यावरनं, गव्यांच्या वाटेनं गेलं. तुकारामला पायपिटीची धास्ती बसली आणि तो स्वतःच म्हणाला, "वैनी, तूच चालीव. पन लखूदा होडीत बसनार तर झडती दिऊन बसंल." केशर म्हणाली, पाण्यावर दिवा नाही, घाटावरच्या दगडावर लावायचा, खोबरेल तेलाचा. त्याला कुणी हरकत घेतली नाही. लखूची बिडी आठवून सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या दिवशी झडतीला लखू हसला. दोन्ही हात वर करून उभा राहिला, एक काळं प्लास्टर घातलेला, एक मोकळा. तुकारामनं खिसे चाचपले, पटक्यात बघितलं. "कानामागं बग, बंदूक लपिवल्या," लखू म्हणाला आणि घाट हसला. मग ते रोजचंच झालं. तुकाराम तोंडाचा वास घ्यायला लागला. एखाद्या दिवशी तो आला नाही तर दुसरा कुणीतरी, कालपर्यंत लखूला "मामा" म्हणणारा, खिशात हात घालायला लागला. लखूचं हसणं बंद झालं. बापाच्या वेळेपासून जी होडी त्याची, तिच्यात पाय टाकण्याआधी तो हात वर करून, मान एका बाजूला वळवून उभा राहायचा. झडती संपली की पुढं जाऊन केशरच्या जुन्या जागेवर बसायचा आणि पाण्यातले खुंट मोजत राहायचा.

केशर मागे दोरी धरून हे रोज बघत होती. दोरी एका ओढीत लागायची आता. वाडीतल्या पोरी तिला होडीवाली म्हणायला लागल्या होत्या. पण झडती सुरू झाली की तिच्या हाताची नवी कातडी चुरचुरायची आणि तिला खाली बघावं लागायचं.

एक दिवस कुणीतरी नवीन पाहुणा होडीत होता. तुकारामनं त्याला सांगितलं, "ह्यो बाबा, ह्यानंच पानी पेटिवल्यालं." पाहुण्यानं लखूकडे असं बघितलं, की केशरनं दातांखाली ओठ धरला. आज सांगायचंच, तिनं ठरवलं. होडी गेली तर गेली.

देवळाच्या जागेवर आल्यावर तिनं इंजिन बंद केलं. दिवा नव्हता, पण सवयीनं सगळ्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. तुकारामनं, म्हाताऱ्यांनी, बघून बघून त्या पाहुण्यानंही. केशर उठून उभी राहिली.

"आयका," ती म्हणाली. इतक्या हळू, की कुणी डोळे उघडले नाहीत.

पुढच्या टोकाला लखू बसला होता. त्यानं मान वळवली. सगळ्या मिटलेल्या डोळ्यांच्या वरनं तो तिच्याकडे बघत होता. तिच्या तोंडावर काय आहे ते त्यानं वाचलं. मोडका हात छातीशी धरून त्यानं मान हलवली, नाही म्हणून. एकदाच.

"झालं," तो म्हणाला. हा शब्द आजवर केशरच म्हणायची. मग तो पुन्हा पाण्याकडे वळला. "धुकं दाटतंय. ओढ दोरी."

केशर उभीच राहिली. मग खाली बसली आणि तिनं दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन लागलं आणि सगळ्यांनी डोळे उघडले.